इसार देण्याआधी

माझे वडील, आमचे आबा, मेंढ्यांचे व्यापारी. आजोबांचा कळप होता. आबांनी तो मोडला आणि बाजार धरला. फुलंब्रीहून निघून आठवड्याचे चार बाजार फिरायचे आणि एकाही विकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, असा त्यांचा धंदा. आज मी एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर आहे, कॅप्टनच्या शेजारच्या खुर्चीवर बसते. इथवर कशी पोचलीस, असं कुणी विचारलं की मी परीक्षांचं सांगते, अभ्यासाचं सांगते. आबांचं सांगायचं टाळते, कारण ते सांगताना हसू येतं आणि स्वतःची थोडी लाजही वाटते.

माझी बारावी झाली त्याच वर्षी आमची जमीन रस्त्यात गेली आणि मोबदला आला. आईच्या मनात शहरात घर घ्यायचं होतं. आबांनी तो पैसा माझ्या शिक्षणासाठी बाजूला काढला. "पायलट व्हायचं तर व्हय," ते म्हणाले, "पण हे एकदाच हाय, बाई. शाळा चुकली तर दुसरी शाळा नाय." मी मान डोलावली. मला वाटलं, चुकायचा प्रश्नच कुठे येतो, माझी शाळा तर ठरलेली आहे.

संभाजीनगरात तिचं चकचकीत कार्यालय होतं. तीन वर्षांची एव्हिएशनची डिग्री आणि सोबत विमान चालवण्याचं लायसन, सगळं एका छताखाली. तिथल्या मॅडमनी मला इंग्रजीतून विचारलं, मी अडखळत इंग्रजीतून उत्तर दिलं, तरी त्या हसल्या नाहीत, एवढ्यावरच मी त्यांची झाले. भिंतीवर बारा विमानांचा फोटो होता. आठवड्यात आगाऊ रक्कम भरून प्रवेश घेतला तर सवलतही होती. आमच्या कॉलेजातले फिजिक्सचे सर म्हणाले होते, "डिग्री बाहेरून करता येते, विमानातले तास बाहेरून होत नाहीत, तेवढं नीट बघ." ते मी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं.

सोबत आलेल्या आबांनी फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "माल बघितल्याबिगर इसार देत नसत्यात."

"आबा, हा मेंढ्यांचा बाजार नाही!"

"व्हय, म्हणून तर बघायचं. मेंढीत मला कळतं तरी."

धावपट्टी दुसऱ्या जिल्ह्यात होती. मी म्हटलं, मॅडमना फोन करून वेळ घेऊ. आबांना ते मुळीच पटलं नाही. सांगून गेलं की धुऊनपुसून ठेवलेलं जनावरच पुढे येतं, हा त्यांचा पक्का समज. पहाटेच्या एसटीने आम्ही निघालो, आईने बांधून दिलेले धपाटे पिशवीत, आणि तारेच्या कुंपणाबाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि आभाळाकडे तोंड केलं.

तासाभराने पांढऱ्या शर्टातली, खांद्यावर पट्ट्या असलेली मुलं चहाला आली. मी उठले आणि लांबच्या बाकावर जाऊन मोबाइल बघत बसले. या म्हाताऱ्याची मी कुणी लागत नाही, असं दिसावं म्हणून. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते त्या मुलांशी बोलायला लागले.

"बाळा, किती दिसांनी नंबर लागतो रे विमानात?"

"काका, मागच्या महिन्यात दोनदा लागला," एक मुलगा म्हणाला. लायसनला दोनशे तास लागतात. तो दीड वर्षापूर्वी आला होता आणि त्याचे निम्मेही झाले नव्हते. घरी काय सांगू, म्हणून दिवाळीलाही गेला नव्हता. त्याला चहा आबांनी पाजला.

दुपारी त्यांनी मला हाक मारली. "हे आत्ता उतरलं ना, सकाळचंच हाय. पोटाखाली काळा डाग बघ. आन् त्या दुसऱ्याचा एक दिवा बारीक हाय. दोनच हायत. बाकीची उभी." शंभर मेंढ्यांतली एक तोंडावरून ओळखणारा माणूस. शेडच्या उघड्या दारातून आतली विमानं दिसत होती. एकाला चाकं नव्हती, एकाला पंखा नव्हता. माझं तोंड एवढंसं झालं. त्या दोन विमानांमागे किती मुलं रांगेत उभी असतील, हे सांगायला पायलट लागत नव्हता.

तरी आबा उठेनात. चारची एसटी गेली. मी चिडले, भांडले. ते अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिले.

पुढच्या महिन्यात दुसरी शाळा पाहिली. कार्यालय जुनं, खुर्च्या मोडक्या, डिग्री वगैरे काही नाही; ती मी बाहेरून करायची. पण सकाळपासून विमानांची ये-जा थांबत नव्हती आणि मुलांना चहा प्यायलाही फुरसत नव्हती. जेवणाच्या वेळेपर्यंत माझा निर्णय झाला होता. आबा मात्र पुन्हा कुंपणाबाहेरच्या टपरीवर बसलेलेच. ऊन कललं, टपरीवाला भांडी घासायला लागला.

"आबा, किती उडतात ते तर दुपारीच कळलं. आता कशाला थांबायचं?"

"उडालेली कव्हाच मोजली, बाई." त्यांची नजर आभाळातून हलली नाही. "वर गेलेली समदी माघारी येत्यात का, ते बघतोय. अजून एक वर हाय."

मला एकदम रडूच आलं. महिनाभर मी समजत होते, यांना माझी निवड पटत नाही. हा माणूस घाबरला होता आणि घाबरून नाही म्हणण्याऐवजी कुंपणाबाहेर येऊन बसला होता. मग मीही त्यांच्या शेजारी बसले आणि ते शेवटचं विमान आभाळात शोधू लागले. ते उतरलं तेव्हा आबा उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "हितं घाल नाव."

काही महिन्यांनी मी पहिल्यांदा एकटीने विमान नेलं. अशा वेळी मुलं अंगावर पाण्याच्या बादल्या ओततात, तशा माझ्यावरही ओतल्या. निथळत्या कपड्यांनीच मी घरी फोन लावला.

"आबा, एकटीनं उडवलं. उतरले."

पलीकडे फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून त्यांचा आवाज ऐकू आला. ते आईला सांगत होते, "आली गं. माघारी आली."