गाडीत बसलेली भाची

आमचा उस्ताद भाचीपुढे शिवी देत नसे. बाकी कुणाची खैर नव्हती. उस्ताद म्हणजे माझा धाकटा मामा, कुरुंद्याचा ट्रक ड्रायव्हर. टायरला, टोलनाक्याला, समोरून डिपर न देणाऱ्याला तो मोकळ्या मनानं शिव्या वाटायचा. मी दिसले की जीभ चावायचा. अंगात नुसतं बनियन असलं तर आधी खुंटीवरचा शर्ट शोधायचा. "भाची हाय ती. भाचीपुढं उघडं बसू न्हाई," म्हणायचा, आणि वाकून चक्क माझ्या पाया पडायचा. मला तेव्हा नाक पुसायची अक्कल नव्हती.

गाडीवर त्याला गाणं लागायचं. ती गाणी कसली होती हे मला फार उशिरा कळलं, कारण माझ्यापुढे तो ती धुऊन म्हणायचा. नको तो शब्द आला की तिथं 'हळद' घालायचा. मामी पदर तोंडात धरून हसायची, आणि मला वाटायचं, बाई गं, हळदीवर केवढी ही गाणी!

हिंगोलीच्या ट्रान्सपोर्टमध्ये मला नोकरी लागली ती त्याच्याच शब्दावर. मालकांनी नुकतीच सगळ्या गाड्यांना नवी यंत्रणा बसवली होती. बंदराला निघालेली हळद कुठवर पोचली ते परदेशातलं गिऱ्हाईक घरबसल्या बघायचं, आणि केबिनमध्ये ड्रायव्हरच्या तोंडासमोर कॅमेरा. डोळा मिटला, जांभई आली, पट्टा सुटला, की आमच्या पडद्यावर लाल दिवा लागायचा. मग माइकवरून ड्रायव्हरला टोकायचं, हे माझं काम. मामा गावभर सांगत सुटला, "भाची कंपुटरवर बसती!" कॅमेऱ्यामागे माणूस असतं हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. मशीन बघतं, बघू दे, एवढंच त्याला ठाऊक.

पहिल्याच आठवड्यात त्याची गाडी माझ्या पडद्यावर आली. भर उन्हाळा, मामा बनियनवर, गळ्यात ओला गमछा, आणि गाणं चढ्या आवाजात. न धुतलेलं. माझे कान तापले. शेजारचे दोघं खुर्च्या ओढून खिदळायला लागले. मलाही हसू येत होतं, आणि लाजेनं पडद्याकडे बघवत नव्हतं. तेवढ्यात लाल दिवा लागला. मी माइक दाबला.

"मामा, पट्टा लाव."

गाणं मधेच तुटलं. मामानं गाडी कडेला घेतली, सीटमागचा शर्ट ओढला आणि घामेजल्या अंगावर पार गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या. मग कॅमेऱ्याला हात जोडले.

"माय, तू कवापसून बसलीस गाडीत?"

काय सांगणार, कपाळ! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर शर्ट, पट्टा, तोंडातून ब्र नाही. मालक खूश. "बघ, तुझा मामा काय सुधारला!" आणि मग त्याच्या गाडीचे लाल दिवे लागायला लागले. जांभई, डोळा, पुन्हा जांभई. मी माइकवरून विनवायची, "मामा, गाणं म्हण की रे." तो नुसती मान हलवायचा. शेवटी मी त्याची गाडी शेजारच्याच्या पडद्यावर टाकायला लावली आणि तसं त्याला सांगितलंही. "तू तिथंच हायस की, माय," तो म्हणाला.

एक दिवस त्यानं चावी आणून मालकांच्या टेबलावर ठेवली.

"मालक, त्या गाडीत माझी भाची बसती. तिच्यापुढं मला तसलं गाणं येत न्हाई, अन् तसल्या गाण्याबिगर जाग ऱ्हात न्हाई. एखांद्या दिशी कुणाचं लेकरू चाकाखाली येईल."

मालक माझ्याकडे बघायला लागले. मी खाली मान घातली. माझ्यासाठी ज्यानं शब्द टाकला, त्याचं स्टिअरिंग माझ्याच आवाजानं सुटलं. यंत्राचा दोष म्हणा, रीतीचा म्हणा. लाज माझ्या वाट्याला आली, आणि ती अजून जात नाही.

आता मामा गावातच हळद शिजवायच्या कुकरवर असतो. परवा कुरुंद्याला गेले, तर बांधावरूनच आवाज आला. तेच गाणं, न धुतलेलं! किती दिवसांनी! जीव इतका सुखावला की शेवटपर्यंत ऐकावं म्हणून मी बाभळीआड थांबले. आणि एकदम चटका बसला. अगं, हे काय करतेस? पुन्हा लपून बघतेस?

म्हणून खाकरले. गाणं थांबलं. वाफेतून मामा पुढे आला तेव्हा त्याचे दोन्ही हात गळ्याशी होते, वरची गुंडी लावत.