खरा हात

बाजारात त्यांना सगळे मिलिमीटर म्हणतात. नाव इतकं चिकटलं की दुकानाची पाटी रंगवायला आलेल्या पेंटरनेही विचारलं होतं, "हेच लिहू ना?" ते हाताने पेनं बनवतात. कार्ट्रिजवर चालणारी रोलर पेनं, आणि तीही गिऱ्हाइकाच्या हाताच्या मापाची. लाकडाचा किंवा ॲक्रिलिकचा दांडा लेथवर चढवायचा, आतून पोकळ करायचा, बाहेरून उतरवत आणायचा, आटे पाडायचे, टोपण बसवायचं, मग पॉलिशचे थर. टोकाचा रोलर आणि शाईचं कार्ट्रिज तेवढं बाहेरून येतं.

गिऱ्हाइकाच्या हाताचा ठसा घेणं मात्र त्यांचं काम नव्हतं. ते मालकीणबाईंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं.

पुढच्या खोलीत एक टेबल, दोन स्टुलं. गिऱ्हाइकासमोर कागद ठेवून त्या साधं पेन हातात द्यायच्या आणि गप्पा सुरू करायच्या. घर कुठे, गुडघा कसा आहे, सुनेशी पटतं का. "लिहा हो काहीही, मी काय वाचणार आहे थोडीच." माणूस बोलण्यात बुडाला की म्हणायच्या, "हे जरा जड पडतंय तुम्हाला, हे घ्या," आणि मऊ मेणाचा थर दिलेलं दुसरं पेन पुढे सरकवायच्या. त्यावर बोटांचे ठसे उमटायचे. ते पेन आत जायचं आणि मिलिमीटर ठशांची मापं घ्यायचे.

"माप द्यायचं म्हटलं की माणूस फोटोला बसल्यासारखं पेन धरतो," त्या सांगायच्या. "तो हात खोटा. बोलायला लागला की खरा हात बाहेर येतो."

मिलिमीटर स्वतः बोलत नसत. गिऱ्हाइकाने काही विचारलंच तर "होईल" किंवा "नाही होणार". त्यावर मालकीणबाईंचं उत्तर ठरलेलं होतं: "आमच्यात बोलायचं खातं माझ्याकडे आहे. दोघं बोलायला लागलो तर दुकान कोण चालवणार?"

मालकीणबाईंचे शब्द जड यायला लागले तेव्हा शेजारच्या घड्याळवाल्यांना वाटलं, कवळी नवी आहे. तसं त्यांनी विचारलंही. मालकीणबाई हसल्या, पण उत्तर नीट फुटलं नाही. पुढे तपासण्या झाल्या. स्नायूंचा आजार निघाला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं: वाचा जाईल, मग हात जातील, नंतर बाकीचं. बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहील. वाचा आणि हात यांच्यामध्ये किती काळ मिळेल, ते कोणालाच सांगता येत नाही. औषधाने थोडा वेग कमी होतो, आजार थांबत नाही.

दवाखान्याच्या जिन्यावर मिलिमीटर एवढंच म्हणाले, "पेन करतो."

वाचा गेली तेव्हा मुलगी टॅब्लेट घेऊन आली. अक्षरांवर बोट ठेवलं की आतली बाई ते वाक्य बोलून दाखवते. मालकीणबाईंनी बराच वेळ बोट टेकवत एक वाक्य जुळवलं. आतली बाई बातम्या दिल्यासारखी म्हणाली, "हिला म्हणावं आधी चहा घे, मग बोल." मुलगी हसली. मालकीणबाईंनी टॅब्लेट पालथा घातला. त्यांना लिहायचं होतं.

मिलिमीटरांनी विचार केला होता. बॉलपेनला दाब लागतो, तो या हातात राहणार नाही. निब असली तर कोन सांभाळावा लागतो. रोलरचं टोक कसंही टेकलं तरी चालतं आणि कार्ट्रिजची शाई पातळ, आपोआप उतरते. म्हणजे प्रश्न फक्त पकडीचा होता. पकड बरोबर मिळाली तर बायको बोलती राहणार होती.

त्यांनी तिला गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः तिच्या जागेवर बसले. मेणाचं पेन पुढे ठेवलं. खोलीत दोघंच. मालकीणबाईंनी पेन उचललं, तीन बोटांत धरलं आणि आपलं नाव लिहिलं. मिलिमीटर वाकून बघत होते. पकड उत्तम होती.

"हात चांगला आहे अजून," ते म्हणाले.

मालकीणबाईंनी मान हलवली.

पेन काळ्या एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं झालं. मिलिमीटरांनी ते आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम समजून केलं. भिंत जेमतेम उभी राहील इतकी पातळ ठेवली, म्हणजे वजन नको. टोपणाला बारीक आटे पाडले, फिरवताना लोण्यातून सुरी जावी तसे. घड्याळवाले रोज येऊन विचारायचे, "झालं का हो?" मिलिमीटर म्हणायचे, "थर वाळतोय." अर्धवट पेन दुकानाबाहेर जात नसे, आणि हे तर त्यांनी आणखीच सावकाश केलं. एक थर, वाळवण, घासणं, पुन्हा थर.

पेन हातात दिलं तेव्हा मालकीणबाईंनी त्याने लिहिलं, "छान." अक्षर वाकडं होतं. मिलिमीटरांनी मनात धरलं, सवय व्हायची आहे.

नंतर एकदा दुपारी ते चष्मा न्यायला घरात आले. दार उघडंच होतं. मालकीणबाई मुलीशी बोलत होत्या, म्हणजे लिहीत होत्या. हातात नातीचं स्केचपेन होतं. ते पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात अडकवलेलं, अंगठा बाजूला लोंबता, आणि अख्खा पंजा कागदावरून ओढला जात होता. एबोनाइटचं पेन उशाशी होतं. टोपण घट्ट लावलेलं.

मिलिमीटरांनी ते उचललं आणि तिच्यापुढे धरलं. "उघड."

मालकीणबाईंनी प्रयत्न केला. बोटं टोपणावरून घसरत राहिली. आटे फार छान बसले होते.

"तुला माहीत होतं?" मिलिमीटरांनी मुलीला विचारलं.

"आईने सांगू नको म्हटलं, बाबा."

"माप देतानाही असाच होता हात?"

मालकीणबाईंनी स्केचपेन ओढत लिहिलं: "गिऱ्हाईक मी. तक्रार करायची की नाही, माझी मर्जी." त्याखाली, बऱ्याच वेळाने: "तुम्ही बघत होता ना."

मिलिमीटर दुकानात परत गेले. त्या दुपारी लेथ चालला नाही. घड्याळवाल्यांनी डोकावून पाहिलं तर ते त्या पेनाच्या टोपणाचे आटे फिरवत बसले होते, आत-बाहेर, आत-बाहेर. थर वाळायला गेलेले दिवस हातातून गेले होते. हात त्याहून भरभर जात होता.

संध्याकाळी मेणाचं नवं पेन घेऊन ते तिच्या खाटेशी बसले. "खरं धर," म्हणाले. तिने जास्तच नीट धरलं. अंगठा थरथरत दांड्यावर आणून ठेवला. "असं नको. नेहमीसारखं." तिने आणखी नीट धरलं. पेन गळून चादरीवर पडलं. मेणावर कुठलाच ठसा कामाचा नव्हता.

गिऱ्हाइकाचा हात खरा व्हावा म्हणून इतकी वर्षं जे करावं लागे, ते करणारं माणूस त्यांच्यासमोरच बसलं होतं, आणि त्याला वाचा नव्हती. आता ते काम त्यांच्यावर आलं होतं.

"आज वारा होता," मिलिमीटर म्हणाले.

मालकीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मुलगी दारात थबकली.

"म्हणजे सकाळी. आता नाही." ते थांबले. कपाळावर घाम आला होता. "घड्याळवाल्यांनी कानाचं मशीन घेतलंय. नवं. गिऱ्हाईक आलं की चालू. वहिनी डबा घेऊन आल्या की बंद. आज वहिनी विचारतायत, भाजी खारट झाली का? हे म्हणाले, साडेबारा वाजले."

मालकीणबाईंचे खांदे हलायला लागले. त्यांचं हसू आता आवाजाविना यायचं. बोलता बोलता मिलिमीटरांनी मेणाचं पेन त्यांच्या हाताखाली सरकवलं. "तर वहिनी म्हणाल्या, अहो भाजी. हे म्हणाले, चावी द्यायची राहिली वाटतं." मालकीणबाईंनी लिहिलं, "सांगा त्यांना," आणि पुढचे शब्द कागदावर लवंडले. हात आपला आपण बसला होता. बेचक्यात पेन, पंजा आडवा. मिलिमीटरांनी बोलणं न थांबवता तो पाहिला.

आत जाऊन त्यांनी मेण दिव्याखाली धरलं. दोन बोटांच्या आतल्या बाजूंच्या फिकट खुणा होत्या. तळहाताची एक पुसट रेघ. अंगठ्याचा ठसा कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाचं अर्धं दार ओढून घेतलं. हलकं लाकूड घेतलं. आखूड, जाड पेन, मध्ये दोन बोटांसाठी खाच, तळहाताला टेकेल असा फुगवटा. टोपण नाही. त्याऐवजी लाकडाचा जड ठोकळा आणि त्यात एक भोक, टोक वाळू नये म्हणून पेन उभं ठेवायला. पॉलिश केलं नाही. लेथवरून उतरवलं, कार्ट्रिज बसवलं आणि भुसा अंगावर तसाच घेऊन घरी आले. अर्धवट पेन त्यांनी पहिल्यांदाच कोणाच्या हातात दिलं.

मालकीणबाईंनी लिहिलं: "खडबडीत आहे. पॉलिश राहिलं."

मिलिमीटरांचा हात सवयीने पेन परत घ्यायला पुढे गेला. मालकीणबाईंनी पेन सोडलं नाही.

मिलिमीटर गप्प उभे राहून बघायला लागले, तशी मालकीणबाईंची बोटं पुन्हा नीटनेटकी व्हायला निघाली. अंगठा जागेवरून हलला. मिलिमीटरांनी घाईने स्टूल ओढलं आणि बोलायला सुरुवात केली. वाऱ्याविषयी. पाटी रंगवणाऱ्याविषयी. रद्दीवाल्याविषयी. विषय भराभर संपत होते. शेवटी काहीच उरलं नाही तेव्हा ते आट्यांविषयी सांगू लागले. बारीक आटे आणि भरड आटे, कुठल्या दांड्याला कुठले, लाकडात ते का मोडतात.

पेन कागदावरून सरकत होतं. अक्षरं मोठी होती आणि उतरती: "आटे पुरे. घड्याळवाल्यांचं परत सांगा."

शेवटच्या शब्दाचा काना कागदाच्या कडेवरून टेबलावर उतरला होता. मिलिमीटरांनी तो पाहिला. हाताकडे पाहिलं नाही.

"घड्याळवाल्यांनी कानाचं मशीन घेतलंय," ते म्हणाले.