हळद उतरेना

माझ्या लग्नात हळद मला जरा जास्तच चढली.

लग्नाच्या महिनाभर आधी मी चिमूरकडच्या गावोगाव पत्रिका वाटत फिरलो. पत्रिका देणाऱ्यानं घरचं पाणी नाकारलं, तर आमच्याकडे माणूस रुसतो. मी कुणालाच रुसू दिलं नाही. रांजणातलं, विहिरीतलं, एका शेतात तर थेट नाल्यातलं पाणी प्यालो.

हळदीच्या दिवशी मला अन्नाचा वासही नकोसा झाला. आई म्हणाली, "लगनाची धास्ती हाये." आंघोळीनंतरही मी पिवळाच! काकू मला हाताला धरून मांडवभर दाखवू लागली. "पाहा वं, घरच्या वावरातली हळद! किती घासला, तरी उतरून नाई राह्यली." बायकांनी तिच्याकडे बेणं मागितलं. लघवीही पिवळीजर्द होत होती. (हळद आतपर्यंत मुरली असेल, असं मला वाटलं. मी एम.ए. आहे.)

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं संपली, अंतरपाट सरला. नवरीनं हार उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि थबकली.

"डोळ्यात बी हळद लावली का जी?"

"नाई."

"मंग हे कावीळ हाये. माह्या भावाले झालती."

वाजंत्री थांबली. आता लग्न मोडतं की काय, या भीतीनं मी हारासाठी मान आणखी पुढे केली. तेवढ्यात आमचे मामा पुढे आले. "त्याले दवाखाना कायले? आपल्या गावचा बुवा झाडपाल्याचा रस पाजते, सात दिवसांत साफ."

"अन् त्या रसानं लिव्हर बसलं, तं म्या संसार कोणासंग करू?" नवरी म्हणाली आणि तिनं माझ्या गळ्यात हार घातला. मला भरून आलं. माझ्या लिव्हरची एवढी काळजी आजवर कुणी केली नव्हती, मीसुद्धा नाही.

वरात थेट चंद्रपूरच्या दवाखान्यात गेली. मुंडावळ्यांसकट माझं रक्त काढलं. डॉक्टर म्हणाले, "ही कावीळ घाण पाण्यातून होते. पाणी कुठी पेले होते?"

मामा म्हणाले, "कुठी नाई पेला, ते विचारा."

आराम करा, पाणी उकळून प्या, हात साबणानं धुवा, दारू आणि झाडपाला दोन्ही बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. आमचा मधुचंद्र उकळत्या पाण्याच्या गंजाशेजारी पार पडला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. अजूनही बायको अधूनमधून माझ्या डोळ्यांत टक लावून पाहते. मी लाजून हसतो.

ती म्हणते, "हासू नका. खालची पापणी वढा."