यादोरावची हजेरी

…तर गोदावरीबाई शहापूरच्या धान गिरणीच्या फाटकात येऊन उभी राहिली, इथवर काल गोष्ट आली होती. काल जे नव्हते त्यांच्यासाठी एवढंच सांगायचं, की तिचा नवरा यादोराव याच गिरणीत उमर काढून दिवाळीच्या सुमारास तापानं गेला. तेरवी आटोपली आणि मालक धर्मेंद्रभाऊंचा निरोप आला, 'यादोरावच्या जागेवर ये. पोरीचं, गुड्डीचं, नर्सिंगचं शिक्षण थांबवू नको.'

आता हे धर्मेंद्रभाऊ म्हणजे अजब माणूस. एका टिनाच्या शेडातली गिरणी तीन शेडांची झाली, उसना म्हणजे उकडा तांदूळ पार केरळात जाऊ लागला, ऑफिसात हजेरीसाठी आंगठ्याची मशीन बसली. पण सकाळी फाटकावर उभं राहून एकेकाला नावानं हाक मारायची सवय काही सुटली नाही. "आंगठ्यावरून कोणाले ताप आहे हे समजते काय?" असं म्हणायचे. आवाज बसलेला ऐकला की त्या माणसाला दिवसभर पोतं उचलू देत नसत. यादोरावला दवाखान्यात नेलं तेही असंच, 'हाव जी' म्हणता म्हणता तो खोकला म्हणून. असे मालक या जिल्ह्यात आहेत, हे सांगतानाही जीव सुखावतो.

त्या सकाळी हायवेवरचं धुकं फाटकातून आत आलं होतं. एकेक नाव होत होतं. गोदावरीबाईनं पदर सावरला, आता आपली पाळी. आणि भाऊंच्या तोंडून जुन्या सवयीनं निघालं, "यादोराव!"

भाऊंनी जीभ चावली. पण तोवर मागच्या शेडातून, धान भिजवायच्या टाक्यांकडून ओ आली.

"हाव जी…" आणि पाठोपाठ तोच कोरडा खोकला.

टाकीवर काम करणाऱ्या कैलाशच्या हातातला डबा पडला. झाकण फरशीवर गोल गोल फिरत राहिलं, तेवढाच आवाज. धीर करून दोघं-तिघं शेडात डोकावले. माणूस कोणी नव्हता. टाकीच्या वाफेची चावी मात्र उघडी होती आणि पांढरी वाफ फुसफुसत वर चढत होती. ती चावी आधी यादोराव खोलायचा, तो गेल्यापासून कैलाश. आणि कैलाश तर इथं फाटकात उभा.

"बाईच्या मागं मागं आला तो," कैलाश म्हणाला. "त्याची जागा दुसऱ्याले देल्ली ना! मालक, हे बाई अठी राहीन तं आमी अंदर पाय ठेवत नाही."

सगळे फाटकाबाहेर जाऊन बसले. नव्या धानाचे दिवस, हायवेवर ट्रक उभे. गोदावरीबाईला कळून चुकलं, एका बाईपायी कोणी गिरणी बंद ठेवत नाही. तिनं पिशवी उचलली. गुड्डीला काय सांगायचं, तेच डोक्यात घुमत होतं.

"बाई, कुठं निघाली?" भाऊंनी विचारलं.

"घरी, मालक. तुमचं काम काहून अडवू?"

"पिशवी ठेव. टाकीवर चल, मी येतो संगं." मग बाहेर पाहून म्हणाले, "कैलाश, त्यानंच तुले चावी खोलायले शिकवली ना बे? त्यालेच भेते? बसा. ज्याले भेव वाटते त्यानं बसा."

भाऊंनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि वाफेत शिरले. मागून गोदावरीबाई. ती फावड्यानं धान ओढत होती, भाऊ चावी सांभाळत होते. मध्येच वाफ दाटायची आणि तिला वाटायचं, आपण दोघंच नाही, बाजूला तिसरंही फावडं चालून राहिलं. ती थांबली की तेही थांबायचं. भाऊंनीही एकदा मान वळवून त्याच बाजूला पाहिलं.

दुपारी कैलाश मुकाट्यानं आत आला. "सरका मालक, हात भाजून घ्यान." त्याच्यामागून बाकीचेही आले.

संध्याकाळी सगळ्यांसमोर भाऊंनी विचारलं, "बाई, उद्यापासून तुहं नाव घेतो. त्याचं नाव बंद करू, का राहू देऊ?"

गोदावरीबाईनं टाक्यांकडे पाहिलं. म्हणाली, "राहू द्या, मालक. घरी मी हाका मारून मारून थकली, बुढ्यानं कधी ओ देल्ली नाही. तुमी माणूस समजून नाव घेता, म्हणून येते तो. मीबी त्या हाकेसाठीच येईन."