हरभऱ्याची वाळलेली भाजी

मे महिन्यातला रविवार, लग्नानंतरचा पहिलाच उन्हाळा. हजर: सासूबाई, मी आणि भिवापूरहून न कळवता आलेले बाबा.

आज प्रताप नगरच्या स्वयंपाकघरात डबा उघडला, वाळलेल्या हरभऱ्याच्या पानांचा आंबूस वास आला आणि तीच दुपार समोर उभी राहिली. लेकीचं कसं चाललंय ते बघायला बाबा एवढ्या उन्हातून आले होते आणि घरात हिरवी भाजी नव्हती. मी पिशवी घेऊन निघाले, तर सासूबाईंनी अडवलं.

"काहून वं? बाजारातली भाजी आता कोमेजलेली असते. आपण हिवाळ्यात गच्चीवर वाळवलेली आहे ना!"

"आई, बाबांना पाला वाढायचा?" मी हातातली पिशवी सोडली नाही. लेक कुठल्या घरात दिली, असं त्यांना वाटेल याचीच भीती होती.

"पाला म्हणू नको, भाजी रुसन!"

त्यांनी डाळ घालून भाजी शिजवली, वरून लसणाची चरचरीत फोडणी दिली. बाबांनी पहिला घास घेतला. मग भाकरी मोडत म्हणाले, "विहीणबाई, वाढा अजून. मी उगाच काळजी करून राहिलो होतो. जिथं हिवाळ्यातला पाला इतका जपतात, तिथं माही पोरगी काहून नाही जपणार?"

तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. आता मोसमाची भाजी मीही वाळवून ठेवते, आणि सासूबाईंनी मला अडवलं ते किती मायेनं, हे कळतं.

माझी लेक पुण्याला नव्या घरात राहायला गेली आहे. न कळवता तिच्याकडे जाऊन, घरात असेल ते जेवायचं अजून राहिलंच आहे.