बरणीतल्या पेन्सिलीच्या चिठ्ठ्या

ज्यांनी निकम मॅडमचं आयुष्यभराचं काम कचऱ्यात टाकलं, त्यांनीच आज त्यांच्या फोटोला हार घातला.

मॅडमना जाऊन वर्ष झालं. कॉलेजने प्रोग्रॅम ठेवला होता. मागे भलामोठा फ्लेक्स, त्यावर नेटवरून उचललेला केशरी तारामासा, मस्त वाळूत पहुडलेला.

मॅडमचे तारामासे असले नव्हते हो.

ते अंटार्क्टिकाकडच्या गारठलेल्या समुद्रातले. जहाजावर जाणारे शास्त्रज्ञ नमुने पाठवायचे आणि मॅडम इथे झूऑलॉजीच्या लॅबमध्ये बसून कुठला कोण ते ओळखायच्या.

लोक विचारायचे, नाशिकला समुद्र कुठे आलाय? मॅडम म्हणायच्या, समुद्र लागत नाही, मायक्रोस्कोप लागतो, आणि तो इथेच, सातपूरच्या एमआयडीसीत, उत्तम रिपेअर होतो.

बरणीत, स्पिरिटमध्ये राहून सगळे तारामासे सारखेच मळकट होतात. म्हणून रंगावर जायचं नाही. पाठीवरच्या चकत्या कशा जोडल्यात, काटे कसे आहेत, कातडीवरचे बारीक चिमटे कुठल्या घडणीचे आहेत, ते बघायचं.

मी त्यांची विद्यार्थिनी. मला पहिला चिमटा दिसायला अख्खी दुपार लागली. मॅडमनी चहा पाजला, पण उत्तर सांगितलं नाही.

प्रत्येक बरणीत, आतच, एक चिठ्ठी असायची. पेन्सिलीने लिहिलेली, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते.
कुठल्या समुद्रात मिळाला, किती खोल, कधी. त्या जिवाचा सातबाराच म्हणा.

आमच्या दिंडोरीत द्राक्षाच्या पेटीवर प्लॉटचा नंबर नसेल तर ती एक्स्पोर्टला जात नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

मग कॉलेजात इन्स्पेक्शनची कमिटी येणार असं ठरलं.

मॅडम तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या. तेवढ्यात प्राचार्यांनी लॅबचा मेकओव्हर उरकला. बरण्या उंचीप्रमाणे लावल्या. आतल्या ‘घाणेरड्या’ चिठ्ठ्या काढून फेकल्या. बाहेरून चकचकीत स्टिकर लावले. सगळ्यांवर एकच शब्द: स्टारफिश.

कमिटी खूश झाली.

मॅडम परत आल्या आणि कपाट उघडून एकेक बरणी उजेडात धरू लागल्या. मी शेजारीच होते.

प्राचार्य म्हणाले, "आता कसं नीटनेटकं दिसतंय. चिठ्ठ्यांचं काय, पुन्हा लिहून टाका."

लिहून टाका म्हणे. किराणा मालाची यादी होती का ती?

मॅडमनी एकेक बरणी उघडून सगळे नमुने पुन्हा ओळखले. नावं परत मिळाली. ठिकाणं नाही मिळाली. पाठवणाऱ्यांना विचारलं, पण कित्येक जागचे नमुने एकत्र आले होते, आणि कुठला कुठून आला ते फक्त त्या चिठ्ठ्यांवर होतं.

त्यात एक लहानसा, सहा हातांचा होता. मॅडमच्या मते आजवर कुणीच न नोंदवलेली, नवी प्रजाती. घाई नको म्हणून त्या दुसऱ्या नमुन्याची वाट बघत थांबल्या होत्या. आता तो कुठे मिळाला याचा पुरावाच उरला नव्हता. त्याशिवाय नवी प्रजाती जाहीर कशी करणार?

मी म्हणाले, "मॅडम, तुम्हाला आठवतंय ना? मग लिहा की."

त्यांना सगळं आठवत होतं. मला सांगितलंही त्यांनी, समुद्र, खोली, सगळं.

"पण आठवण चिठ्ठीवर लिहायची नसते, बाई."

आणि त्यांनी नव्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलं: स्थळ अज्ञात.

त्या कुणावर ओरडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. मला त्याचाही राग येतो.

आज तेच प्राचार्य, आता रिटायर्ड, प्रमुख पाहुणे होते. कपाटाला मॅडमचं नाव दिलं. कॉलेजने मॅडमचा वारसा जपला, असं माईकवरून सांगितलं.

मी उभी राहिले आणि विचारलं, "सर, त्या चिठ्ठ्या कुठे आहेत?"

वेळेअभावी लगेच आभारप्रदर्शन सुरू झालं.

मॅडम, तो सहा हातांचा अजून बिननावाचाच आहे, तुमच्या नावाच्या कपाटात. तो कुठला, ते मला माहीत आहे. पण त्याच्या चिठ्ठीला मी हात लावणार नाही.

आठवण तिथे लिहायची नसते.

म्हणून तुमची इथे लिहिली.

येते, मॅडम.