साडेतीन तासांत अमेरिका

माझ्या हिशेबानं नांदेडहून लातूर जेवढं लांब, तेवढीच बंगळूरूहून अमेरिका लांब आहे.

हसू नका. मी एसटीचा वाहतूक नियंत्रक. अख्खी हयात गाड्या सुटायच्या आणि पोचायच्या वेळा सांगण्यात गेली. आमची लेक पल्लवी बंगळूरूहून नवऱ्याकडं अमेरिकेला निघाली, तेव्हा तिचं तिकीट मोबाईलवर आलं. सुटणार दुपारी दोन, पोचणार त्याच दिवशी साडेपाच. मी वजाबाकी केली आणि घरात जाहीर केलं, "साडेतीन तास! लातूरच्या गाडीला लागतात तेवढेच!"

"इतक्या लवकर?" सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, शंका आली.

"अगं, विमान हाय ते! चाकूरला चहाला थांबत न्हाई!"

हे मायनं ऐकलं आणि तिथंच घात झाला. आमच्याकडं लेक लांबच्या प्रवासाला निघाली, की ती पोचल्याचा सांगावा येईस्तोवर घरातल्या थोरल्या बाईनं अन्नाला शिवायचं नाही. (मायला शुगर! पण तिच्यापुढं डॉक्टरचंही चालत नाही.)

"साडेतीन तासच ना?" माय म्हणाली. "मंग दुपारची भाकर पोरीचा फोन आल्यावरच."

साडेपाच वाजले. फोन नाही. पावणेसहा झाले. माय भिंतीला टेकली.

"डोळ्यापुढं अंधारून यायलंय रे."

"माय, दोन घास खा!"

"आधी पोरीचा फोन."

जावयानं विमान दिसणारा नकाशा मोबाईलवर पाठवून दिला होता. तो उघडला आणि माझी बोबडीच वळली. विमान चीनवर!

"अमेरिका मावळतीला अन् हे उगवतीला चाललंय! ड्रायव्हर रस्ता चुकला!"

"चीनवाल्यांनी पळवलं का काय माझ्या लेकराला!" सुनंदानं हंबरडा फोडला.

 मी लगोलग जावयाला फोन लावला. "जावईबापू, साडेपाच वाजून गेले! पोरगी कुठंय?"

तिकडून झोपेतला आवाज आला. "मामा, इथं आत्ता कुठं पहाटेचे साडेपाच वाजायलेत. विमान संध्याकाळच्या साडेपाचला येतंय."

"पहाटेचे? आमच्याकडं सांजेचे सहा वाजलेत की!"

"हाव. इथलं घड्याळ साडेबारा तास मागं हाय. पोचायची वेळ इथल्या घड्याळाची असती, मामा. चौदा हजार किलोमीटर हाय, सोळा तास लागतात. अन् ते चीनवरूनच येतंय. पृथ्वी गोल हाय."

फोन स्पीकरवर होता. पृथ्वी गोल असल्याची बातमी शेजारच्या दोन घरांपर्यंत गेली.

"म्हंजी अजून बारा तास?" मायनं विचारलं.

"हाव, माय."

"चूक कुणाची?"

"माझी."

"मंग उपास बी तुझा. सुनंदे, वाढ गं मला!"

आणि माझ्यासमोर मायनं पिठलं-भाकरी, वर ठेचा, असं निवांत जेवण केलं. माझं ताट सुनंदानं बिनबोभाट उचलून नेलं.

सकाळी फोन आला. "बाबा, पोचले! विमानात सारखं खायलाच देत होते हो, पोट फुटायची वेळ आली! तुम्ही जेवलात ना?"

तेव्हापासून घरातलं कुणी जवळच्या नायगावला जरी निघालं, तरी माय आधी विचारते, "येळेचा हिशेब कुणी केला?" माझं नाव निघालं, की ती पहिल्यांदा पोटभर जेवून घेते!